क्लिक न आलेला पाना: स्पोर्ट्स कारच्या ब्रेक किटमधील बोल्ट आवळणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातील एका गृहस्थांकडे दोन आसनांची, दहा वर्षे वापरलेली एक स्पोर्ट्स कार होती. शहरात आणि घाटात गाडीच्या ब्रेकबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. परंतु वर्षातून एकदा-दोनदा ते कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी नेत, आणि तिथे थोड्याच फेऱ्यांत पेडल मऊ पडून गाडी थांबायला जास्त अंतर लागू लागे. अधिक तापमान सोसणारे पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल हे दोन स्वस्त उपाय आधी करून झाले होते. त्यानंतर त्यांनी पुढच्या चाकांसाठी अमेरिकेहून एक किट मागवले. त्यात सहा पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), ३५५ मिलिमीटर व्यासाच्या दोन भागांत जोडलेल्या डिस्क, कॅलिपर बसवण्याचे ब्रॅकेट, स्टीलच्या जाळीचे होज आणि आवश्यक ते सर्व नट-बोल्ट होते.

गाडीचे मॉडेल येथे मुद्दाम दिलेले नाही. पुढे येणारे टॉर्कचे, म्हणजे बोल्ट आवळताना लावायच्या पिळाच्या जोराचे, आकडे त्या एका गाडीचे आणि त्या एका किटचे आहेत, आणि ते उचलून दुसऱ्या गाडीला लावण्याचा मोह कोणाला होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

अशा किटमध्ये प्रत्येक चाकाला दोन वेगळे जोड असतात. पहिला जोड ब्रॅकेट आणि नकल यांचा: चाकाचा हब ज्यावर बसतो त्या ॲल्युमिनियमच्या ओतीव भागातील आट्यांमध्ये एम-१२ बाय १.५ मापाचे (१२ मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांतले अंतर), १०.९ या ताकदीच्या ग्रेडचे दोन स्टीलचे बोल्ट जातात. दुसरा जोड कॅलिपर आणि ब्रॅकेट यांचा: ब्रॅकेटवर घट्ट बसवलेल्या स्टडवर (डोके नसलेल्या आटेदार दांड्यावर) कॅलिपर सरकवून तो लॉक नटांनी आवळायचा असतो. हे प्रकरण मुख्यतः पहिल्या जोडाचे आहे.

काम एका खासगी गॅरेजात दिले गेले. तेथील ज्येष्ठ मिस्त्रींचा हात चांगला म्हणून नावाजलेला होता, आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क भरताच क्लिक करणारा पाना, कपाटात न ठेवता रोज वापरणाऱ्या थोड्या गॅरेजांपैकी ते एक होते. पुढे जे घडले ते हलगर्जीपणातून घडले नाही, हे त्यामुळे आधीच सांगून ठेवतो.

अडचण

डावी बाजू पहिल्या दिवशी पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूचा वरचा बोल्ट आवळून झाला आणि मिस्त्रींनी खालच्या बोल्टावर पाना लावला. पाना नेहमीसारखा जड होत गेला आणि मग जड व्हायचा थांबला. क्लिक येईना, आणि हाताला लागणारा जोर तेवढाच राहून पाना मात्र पुढे फिरत राहिला. साधारण पाव फेरा गेल्यावर मिस्त्री थांबले. हा या प्रकरणातील पहिला निर्णय, आणि सर्वांत मोलाचा. त्या क्षणी पाना बिघडला आहे असे समजून आणखी अर्धा फेरा देणारे अनेकजण असतात, आणि तसे झाले असते तर बोल्ट तुटून त्याचा तुकडा नकलमध्ये अडकला असता किंवा आटे पूर्ण सोलून निघाले असते.

फिरण्याचा कोन वाढतो आहे पण टॉर्क वाढत नाही, याचा अर्थ जोडातील काहीतरी स्वतःचा आकार सोडते आहे. एकतर बोल्ट कायमचा लांबतो आहे, किंवा ॲल्युमिनियमचे आटे वाकून घसरत आहेत. यांपैकी नेमके काय घडते आहे हे बाहेरून कळत नाही. काम तिथेच थांबवण्यात आले, आणि जोडणीच्या तपासणीसाठी मला बोलावण्यात आले.

कारणांचा शोध

पहिला संशय स्वाभाविकपणे टॉर्क रेंचवर गेला. तो पुण्यातच एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून आणला, आणि त्याचा दोष अनुमत चार टक्क्यांच्या आतच निघाला. या तपासणीत दोन दिवस गेले म्हणून मालक थोडे नाराज होते. परंतु पाना निर्दोष आहे हे कळल्याशिवाय पुढच्या कोणत्याही मोजमापाला अर्थ नव्हता.

दरम्यान चारही बोल्ट बाहेर काढून त्याच मापाच्या एका नव्या बोल्टाशेजारी ठेवले. उजवीकडचा खालचा बोल्ट व्हर्नियरवर नव्यापेक्षा स्पष्टपणे लांब भरला. पिच गेज त्याच्या आट्यांवर सरळ बसेना. मधले तीन-चार आटे ताणून विरळ झाले होते. शिवाय त्या आट्यांच्या खोबणीत तांबूस पेस्टमध्ये लडबडलेला चंदेरी चुरा होता, म्हणजे नकलचे ॲल्युमिनियमही सुटू लागले होते. उरलेले तीन बोल्ट डोळ्यांना ठीक दिसत होते, आणि तिघांनीही आवळताना क्लिक दिली होती, पण व्हर्नियरखाली तेही किंचित लांबलेलेच निघाले.

कामाचा क्रम मिस्त्रींकडून आणि मालकांकडून पुन्हा ऐकून घेतल्यावर तीन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट एककाची. किटसोबतच्या कागदावर कॅलिपरच्या नटांसाठी ४० पाउंड-फूट असा आकडा होता, तर ब्रॅकेटच्या बोल्टांसाठी फक्त "गाडीच्या उत्पादकाने दिल्याप्रमाणे" एवढेच लिहिले होते. मालकांनी गाडीची वर्कशॉप पुस्तिका मोबाइलवर उघडून "पंच्याऐंशी" असा आकडा वाचून दाखवला. तो न्यूटन-मीटरमध्ये होता. किटचा कागद पाउंड-फुटांत असल्यामुळे मिस्त्री रेंचच्या पाउंड-फुटांच्या बाजूने काम करत होते, आणि त्यांनी त्याच बाजूला ८५ लावले. एक पाउंड-फूट म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर, म्हणजे प्रत्यक्षात ११५ न्यूटन-मीटर लागले. दोघांनीही आपापले काम बरोबर केले, आणि चूक त्या दोघांच्या मधल्या जागेत झाली.

दुसरी गोष्ट पेस्टची. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये गंजून अडकतो, हा गॅरेजमधला खरा आणि वारंवार येणारा अनुभव आहे, म्हणून मिस्त्रींनी आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट लावली होती. हेतू चांगला होता. परंतु पुस्तिकेतील ८५ हा आकडा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी होता. बोल्टाच्या डोक्यावर लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. बोल्ट ताणण्याच्या कामी जेमतेम दहावा हिस्सा येतो. त्यामुळे घर्षण थोडे जरी कमी झाले तरी ताण भरमसाट वाढतो.

हे आकड्यांत मांडले तर नीट दिसते. कोरड्या आट्यांसाठी सर्वसाधारण गुणांक ०.२ धरला, तर एम-१२ बोल्टावर ८५ न्यूटन-मीटरने सुमारे साडेतीन टनांचा ताण येतो. पेस्ट लावून तो गुणांक ०.१३ पर्यंत उतरला, तर त्याच ८५ न्यूटन-मीटरने साडेपाच टन होतात. आणि पेस्टसह ११५ न्यूटन-मीटर लावले, तर साडेसात टन. या मापाच्या १०.९ ग्रेडच्या बोल्टाचा प्रूफ लोड, म्हणजे ज्याच्यापुढे तो कायमचा लांबू शकतो ती मर्यादा, जवळपास तेवढीच आहे. आणि आवळताना ताणासोबत पीळही बसत असल्याने प्रत्यक्षात तो त्याआधीच हार मानतो. डाव्या बाजूला पेस्ट बोटाने थोडीशीच लावली होती, उजव्या बाजूला ब्रशने भरपूर, असे मिस्त्रींनी स्वतःच आठवून सांगितले. डाव्या बाजूला दोन्ही बोल्टांना क्लिक आली आणि उजव्या खालच्या बोल्टाला नाही, याचा उलगडा बव्हंशी इथेच होतो.

तिसरी गोष्ट बोल्टाच्या लांबीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत गंभीर. किटमध्ये ४५ मिलिमीटर लांबीचे नवे बोल्ट दिलेले होते. ते काळे, साधे, परदेशी पाकिटातले. तर गाडीचे मूळ ३५ मिलिमीटरचे बोल्ट कंपनीचे, फ्लँजच्या डोक्याचे आणि शिक्का असलेले. "कंपनीचं ते कंपनीचं" या न्यायाने मूळ बोल्टच परत वापरले गेले. मात्र मूळ कॅलिपरचा कान १२ मिलिमीटर जाड होता आणि नवे ब्रॅकेट २० मिलिमीटर. त्यात वॉशरचे अडीच. पूर्वी नकलमध्ये २३ मिलिमीटर आटे धरले जात होते, तिथे आता साडेबाराच उरले. ॲल्युमिनियममध्ये स्टीलच्या बोल्टासाठी व्यासाच्या दीड ते दोन पट, म्हणजे एम-१२ साठी १८ ते २४ मिलिमीटर पकड हवी, असा सर्वमान्य संकेत आहे. येथे ती व्यासाच्या एक पट एवढीच होती.

एकक आणि पेस्ट यांचा परिणाम त्या दिवशी पान्यावर दिसला. लांबीची चूक मात्र बरोबर टॉर्क लावूनही दिसली नसती. व्यवस्थित क्लिक आली असती आणि गाडी बाहेर पडली असती.

समोरचे पर्याय

पर्यायांचा विचार करण्यापूर्वी हा जोड नेमके काय काम करतो हे मालकांना समजावून सांगावे लागले. १४०० किलोची गाडी जोरात थांबवताना पुढच्या एका चाकावर १७०० न्यूटन-मीटरच्या आसपास ब्रेकचा टॉर्क येऊ शकतो, आणि डिस्कवर पॅड जिथे धरतात त्या त्रिज्येला भागले, तर कॅलिपरला फिरवू पाहणारे बल एक टनाहून अधिक भरते. हे बल बोल्टाने खुंटीसारखे अंगावर घ्यायचे नसते. बोल्टांनी ब्रॅकेट नकलवर इतके दाबून धरायचे असते की दोन पृष्ठभागांमधील घर्षणच ते बल पेलेल. दाब कमी पडला की पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घसरू लागतात, आणि अशा आडव्या हालचालीत बोल्ट आपोआप सैल होत जातो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्येच प्रयोगाने दाखवून दिले आहे.

मिस्त्रींचा पहिला प्रस्ताव असा होता की, नवा बोल्ट घालावा, टॉर्क थोडा कमी ठेवावा आणि लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावून टाकावे. गॅरेजच्या व्यवहारात हा उपाय सर्रास चालतो. परंतु थ्रेडलॉकर बोल्टाला फिरू देत नाही एवढेच. कमी पडलेला दाब ते भरून काढत नाही. हा पर्याय लगेच बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय म्हणजे फक्त किटमधील लांब बोल्ट वापरणे. भोक आरपार असल्यामुळे आतले दहा मिलिमीटर आटे अजून कोरे होते, आणि लांब बोल्ट तिथपर्यंत पोहोचत होता. डाव्या बाजूसाठी आणि उजव्या वरच्या भोकासाठी हा पर्याय पुरेसा होता. आट्यांचे गेज तिथे डगडग न होता शेवटपर्यंत गेले. उजव्या खालच्या भोकात मात्र बाहेरचे आटे इतके ओढले गेले होते की गेज सुरुवातीलाच हलत होते, आणि केवळ आतल्या दहा मिलिमीटरांवर विसंबणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे होते.

तिसरा पर्याय नवीन नकलचा. माझे स्वतःचे मत याच बाजूला झुकत होते, कारण बहुतेक कार उत्पादक नकलमधील आटे दुरुस्त करण्यास मान्यता देत नाहीत. पण भाग परदेशातून येणार, बेअरिंग प्रेस करून नवे बसवावे लागणार, आणि नंतर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागणार.

चौथा पर्याय आटे नव्याने घडवून त्यात इन्सर्ट बसवण्याचा. यात पुन्हा दोन प्रकार होते: स्टीलच्या तारेचे वेटोळे, म्हणजे हेलिकॉइल, किंवा भरीव भिंतीचा आटेदार बुश. मालकांनी इंटरनेटवर वाचून भरीव बुशचा आग्रह धरला होता, कारण तो अधिक मजबूत समजला जातो. तो चांगला असतोच. पण त्याच्या स्वतःच्या भिंतीसाठी भोक जास्त मोठे करावे लागते, आणि येथे भोकाभोवतीच्या ॲल्युमिनियमचा बाहेरचा व्यास जेमतेम २६ मिलिमीटर होता. हेलिकॉइलचे आटे सुमारे १४ मिलिमीटर व्यासापर्यंतच जातात. भोकाभोवती शिल्लक राहणारी भिंत हा निकष लावल्यावर तारेचे इन्सर्ट सरस ठरले. विमानांच्या ॲल्युमिनियम भागांत तारेचे इन्सर्ट दुरुस्तीसाठीच नव्हे, तर मुळातच बसवलेले असतात, हे सांगितल्यावर मालकांची शंकाही मिटली.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

मालकांनी इन्सर्टचा पर्याय निवडला, आणि एक अट मान्य केली: भोक गाडीवरच हातड्रिलने मोठे करायचे नाही. नकल पूर्ण सोडवून भोसरीतील एका टूलरूममध्ये नेला, ब्रॅकेट बसण्याचा पृष्ठभाग संदर्भ धरून मशीनवर भोक काढले आणि त्याच पकडीत टॅप फिरवला. हातड्रिलमध्ये भोक एखाद-दोन अंश कलले, तर बोल्टाचे डोके एकाच कडेवर टेकते. टॉर्क मग बरोबर दिसतो, पण ताण बोल्टाच्या एका बाजूवर एकवटतो.

जोडणीच्या दिवशी सर्व आकडे आधी न्यूटन-मीटरमध्ये बदलून एका कागदावर लिहिले आणि तो कागद चाकाच्या कमानीवर टेपने चिकटवला. ब्रॅकेटचे बोल्ट ८५, कॅलिपरचे नट ५४ (म्हणजे किटमधील ४० पाउंड-फूट), चाकाचे नट १२०. पाउंड-फुटांच्या बाजूवर रेंचला टेप लावून ती झाकून टाकली. होजच्या बँजो बोल्टासाठी (ज्यातून ब्रेक ऑइल जाते तो पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर आणि लहान क्षमतेचा वेगळा टॉर्क रेंच घेतला, कारण २०० न्यूटन-मीटरच्या पान्यावर खालच्या टोकाचे आकडे भरवशाचे नसतात.

आटे ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे केले. त्यानंतर चारही नवे बोल्ट, किटमधलेच, आधी पान्याशिवाय नुसत्या बोटांनी आत घातले आणि फेरे मोजले. दीड मिलिमीटरच्या पिचला पंधरा फेरे म्हणजे साडेबावीस मिलिमीटर पकड. जुन्या बोल्टांनी हीच मोजणी केली असती, तर आठव्या फेऱ्यालाच डोके वॉशरला टेकले असते आणि सगळे तिथेच उघड झाले असते. इन्सर्ट १८ मिलिमीटर लांबीचा असल्यामुळे उजव्या खालच्या बोल्टाची पकड तेवढीच धरली, तरी ती व्यासाच्या दीडपट होते.

मग दोन टप्प्यांत आवळणी केली: दोन्ही बोल्ट आधी ४५ वर, नंतर ८५ वर. खालच्या बोल्टाला सरळ सॉकेट बसत नव्हते, त्यामुळे क्रोफूट, म्हणजे रेंचच्या टोकाला आडवा जोडायचा उघड्या तोंडाचा पाना, लावावा लागला. तो पान्याच्या सरळ रेषेत लावला तर पान्याची प्रभावी लांबी वाढते आणि आकडा कमी करून घ्यावा लागतो. ४०० मिलिमीटरच्या पान्याला ४० मिलिमीटरचा क्रोफूट जोडला, तर ८५ साठी रेंचवर ७७ लावावे लागतात. येथे तो पान्याशी काटकोनात लावण्याइतकी जागा मिळाली, म्हणून आकडा बदलावा लागला नाही. पूर्ण झालेल्या प्रत्येक बोल्टावर डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करने सलग रेघ ओढली. चाकांचे नट चांदणीच्या क्रमाने, गन न वापरता, हाताने आवळले.

निष्पत्ती

नवे पॅड डिस्कवर रुळवण्याची ठरावीक प्रक्रिया करून आणि १०० किलोमीटर चालवून झाल्यावर गाडी थंड असताना तपासणी केली. ब्रॅकेटच्या चारही बोल्टांवरच्या रेघा अखंड होत्या. ८५ वर लावलेला पाना प्रत्येक बोल्टावर जागचा न हलता क्लिक झाला. ही तपासणी नेहमी आवळण्याच्याच दिशेने करायची असते; बोल्ट आधी सैल करून पुन्हा आवळला, तर काय तपासले हेच उरत नाही.

डाव्या कॅलिपरच्या एका नटावरची रेघ मात्र दोन-तीन अंश सरकलेली आढळली. हे नट पूर्ण धातूचे लॉक नट होते, ज्यांचा वरचा भाग किंचित दाबून ते आट्यांवर घट्ट चालतील असे केलेले असतात. पहिल्या दिवशी बसवलेली डावी बाजू सोडवून पुन्हा जोडताना तेच नट परत वापरले गेले होते, आणि त्यांतला एक आता बोटांनीही फिरत होता. दोन्ही बाजूंचे सर्व नट नवे घातले. पेंटची रेघ नसती, तर ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली असती असे मला वाटत नाही.

त्यानंतर गाडी कारी स्पीडवेवर जाऊन आली. पेडल शेवटपर्यंत कडक राहिले, आणि परतल्यावर रेघा जागच्या जागी होत्या. ठरल्यापेक्षा काम जवळपास तीन आठवडे लांबले, आणि त्यातला बराचसा वेळ इन्सर्टच्या कामासाठी नकल सोडवण्यात व परत बसवण्यात गेला.

वेगळे काय करता आले असते

डाव्या बाजूचा पहिलाच बोल्ट आवळताना थांबण्याची संधी होती. मिस्त्रींनी नंतर सांगितले की तो बोल्ट "जरा जास्तच घेतोय" असे त्यांना जाणवले होते. पण क्लिक आल्यावर त्यांनी हातापेक्षा पान्यावर विश्वास ठेवला. एरवी ते योग्यच. परंतु अनुभवी हात आणि पाना यांत तफावत वाटली, तर तिथे पुस्तिका पुन्हा उघडण्याचा रिवाज गॅरेजात असायला हवा, आणि त्यासाठी कामाची घाई थोडी बाजूला ठेवण्याची मुभा मालकानेच द्यायला हवी.

आकडा एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने लावायचा असेल, तर लावणाऱ्याने एककासह तो मोठ्याने परत म्हणावा. "पंच्याऐंशी न्यूटन-मीटर" असे मिस्त्रींच्या तोंडून आले असते, तर पाना पाउंड-फुटांच्या बाजूला आहे हे त्यांनाच दिसले असते. कार बनवणाऱ्या कारखान्यांत असे बोल्ट टॉर्क आणि कोन दोन्ही नोंदवणाऱ्या यंत्रांवर आवळले जातात; गॅरेजला तेवढे शक्य नाही, पण एका कागदाला आणि मार्करला काही खर्च येत नाही.

किटच्या निर्मात्यालाही काही सांगण्यासारखे आहे. "गाडीच्या उत्पादकाने दिल्याप्रमाणे" हे वाक्य सोयीचे असले तरी अपुरे आहे. उत्पादकाचा आकडा मूळ बोल्ट, मूळ लांबी आणि मूळ कॅलिपर यांच्यासाठी असतो. ब्रॅकेटची जाडी बदलली की निदान "मूळ बोल्ट वापरू नयेत" एवढी ओळ तरी ठळक छापायला हवी होती. मालकांनी तसे निर्मात्याला कळवले आहे.

डाव्या नकलबाबत माझे आणि मालकांचे अजून एकमत नाही. त्याचे आटे गेजला उतरले आणि लांब बोल्टांनी ८५ न्यूटन-मीटर सहज धरले, म्हणून तो तसाच ठेवावा असे त्यांचे म्हणणे आहे. त्या आट्यांनी एकदा ११५ न्यूटन-मीटर, तेही अर्ध्या पकडीवर, सोसलेले आहेत, म्हणून पुढच्या वेळी पॅड बदलताना दोन्ही भोकांत इन्सर्ट बसवून घ्यावेत असे माझे मत आहे. तोपर्यंत प्रत्येक ट्रॅकवारीनंतर डाव्या बाजूच्या रेघा पाहण्याचे त्यांनी कबूल केले आहे.